केडगावचे संजीवन

श्रद्धा टिकून असतानाच प्रार्थनेतला रस आटून जावा, या अवस्थेचा ख्रिस्ती परंपरेने फार जुन्या काळापासून विचार केलेला आहे. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांपैकी इव्हाग्रियस याने तिचे वर्णन केले तेव्हा तिला ‘अकेडिया’ असे नाव होते. भर दुपारी साधूला आपली कोठडी नकोशी होते, सूर्य जागचा हलतच नाही असे वाटू लागते, पूर्वी सोडून आलेले घर आठवते आणि देवाची सेवा काय दुसरीकडेही करता येईल, असा युक्तिवाद मनात सुरू होतो, असे त्याने नोंदवले आणि त्यावर कोठडी न सोडणे हाच उपाय सांगितला. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत योहान, ज्याला क्रूसाचा योहान म्हणतात, याने याच कोरडेपणाला आत्म्याची काळोखी रात्र मानले आणि ती देवानेच पाठवलेली असल्याने तिच्यातून पळ न काढता ती सोसली पाहिजे, अशी शिकवण दिली. देवाच्या विरहाला भक्तीच्या बाहेर न टाकता भक्तीतच जागा देणारी ही दृष्टी वारकरी अभंगांवर वाढलेल्या वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही.

प्रॉटेस्टंट पंथांतील शुभवर्तमानवादी प्रवाहाने, म्हणजे व्यक्तिगत पश्चात्ताप आणि नवा जन्म यांवर भर देणाऱ्या प्रवाहाने, मात्र अठराव्या शतकापासून वेगळी वाट धरली. त्याच्या लेखी कोरडेपणा ही सोसण्याची अवस्था नव्हती. तो दूर करता येण्याजोगा अभाव होता, आणि सामुदायिक प्रार्थना, पापाची उघड कबुली व पवित्र आत्म्याचे नव्याने होणारे अवतरण यांनी तो दूर होतो अशी त्याची धारणा होती. अशा घटनेला मराठी मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायांत, ‘संजीवन’ किंवा ‘जागृती’ म्हटले जाते. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे १९०५ च्या जूनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात घडलेले संजीवन याच प्रकारात मोडते, आणि त्याचा इतिहास लिहिताना बहुधा जागतिक पेंटेकोस्टल चळवळीच्या संदर्भातच, म्हणजे आत्म्याच्या वरदानांवर व अन्य भाषांत बोलण्यावर भर देणाऱ्या चळवळीच्या संदर्भातच, त्याची नोंद होते. तसे करताना त्यामागची, म्हणजे रमाबाईंच्या बाप्तिस्म्यापासूनची, बावीस वर्षे नजरेआड होतात. ती वर्षे पाहिली तर केडगावात जे भरून निघाले तो सिद्धान्ताचा अभाव नव्हता, असे मानावे लागते. मराठी ख्रिस्ती माणसाला उपासना दिली गेली होती, पण ती स्वतःच्या गळ्याने करण्याची मोकळीक दिली गेली नव्हती.

अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८१३ मध्ये काम सुरू केले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे घातले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ पासून निघू लागले, स्कॉटिश मिशनच्या शाळा चालू झाल्या, बाबा पदमनजींसारखे लेखक तयार झाले. शिक्षण, छपाई आणि वादविवाद या तिन्ही क्षेत्रांत या मंडळ्यांची कामगिरी मोठी आहे. परंतु रविवारच्या उपासनेचा साचा बॉस्टन किंवा एडिंबरो येथून आलेला होता. बाकांच्या रांगा, पाळकाचे प्रवचन, भाषांतरित गीते आणि त्यांना बेतलेल्या पाश्चात्त्य चाली यांतून एक शिस्तबद्ध शांतता निर्माण होई. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन रूढ करून या साच्याला फाटा दिला, पण त्या कीर्तनाकडे प्रचाराचे साधन म्हणून पाहिले जाई. चौकात जमलेल्या हिंदू श्रोत्यांना कीर्तन आणि मंडळीच्या आत भाषांतरित गीत, अशी ही विभागणी होती. बाहेरच्याला जे गोड लागेल ते आतल्याला का लागू नये, हा साधा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारलेला दिसत नाही.

रमाबाईंनी (१८५८–१९२२) तो वेगळ्या रीतीने विचारला. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या आईवडिलांसह तीर्थयात्रा करीत वाढली, दुष्काळात तिने आईवडील व बहीण गमावले, कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, आणि भाऊ व पती यांच्या मृत्यूनंतर लहानग्या मनोरमेला घेऊन ती १८८३ मध्ये इंग्लंडला गेली. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयास असताना त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी तिने व तिच्या मुलीने बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे नीळकंठशास्त्री, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचे नेहेम्या गोरे, यांच्या पत्रांचा वाटा मोठा होता. नंतरची तीन वर्षे भगिनी जेराल्डिन आणि चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी तिचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकातील धर्मचिकित्सेचा तो अस्सल दस्तऐवज आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव होत ही शिकवण, बुद्धीला पटल्याखेरीज मान्य करणार नाही, असे रमाबाई सांगत होत्या, आणि धर्मगुरूंची आज्ञा पाळणे हाच श्रद्धेचा मार्ग असे जेराल्डिन बजावत होत्या. वाद केवळ सिद्धान्तापुरता नव्हता. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, तेथे संस्कृत का चालू नये, लॅटिन भाषा अधिक पवित्र आहे काय, असेही रमाबाईंनी विचारले. त्यांचा शाकाहारही वाँटेजच्या भगिनींना अहंकाराचा अवशेष वाटे.

या पत्रांत बुद्धी तल्लख आहे, अभिमान जागा आहे, पण भक्तीचा ओलावा क्वचितच आढळतो. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या प्रवासाच्या आत्मनिवेदनात, रमाबाईंनी हे स्वतःच मान्य केले. बाप्तिस्म्यानंतर ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, परंतु त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, असा त्या निवेदनाचा आशय आहे. ख्रिस्ती देशांतील परस्परभिन्न पंथांचा गलबला पाहून मन अधिकच गोंधळले, असेही त्यांनी लिहिले आहे. ११ मार्च १८८९ रोजी सुरू झालेले शारदा सदन ही उच्चवर्णीय विधवांची शाळा धार्मिक तटस्थतेच्या हमीवर उभी होती, आणि तिच्या सल्लागार मंडळात न्या. रानडे व डॉ. भांडारकर होते. म्हणजे ज्या काळात रमाबाई स्वतः कोरड्या होत्या त्याच काळात त्यांचे सार्वजनिक कार्य सर्वांत सुव्यवस्थित होते. इव्हाग्रियसला हे लक्षण ओळखता आले असते. अकेडियाने ग्रासलेला साधू आळशीच असतो असे नाही, तो कित्येकदा अतिशय कार्यमग्न असतो, असे वाळवंटी परंपरेचे निरीक्षण आहे.

बदल १८९१ मध्ये झाला आणि तो एका पुस्तकाच्या वाचनाने झाला. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील विल्यम हॅस्लम या धर्मगुरूचे आत्मचरित्र रमाबाईंच्या हाती आले. हॅस्लमची हकीकत विलक्षण आहे. अनेक वर्षे पौरोहित्य केलेल्या या गृहस्थाला १८५१ मध्ये स्वतःच्याच व्यासपीठावरून प्रवचन देताना आपण कोरडे असल्याचा साक्षात्कार झाला आणि तेथेच त्याचे परिवर्तन घडले. धर्मात राहूनही धर्माबाहेर असलेल्या माणसाची ही कथा रमाबाईंना आपलीच वाटली असल्यास नवल नाही. आतापर्यंत त्या ख्रिस्ताविषयी वाद घालीत होत्या. यानंतर त्या त्याच्याशी बोलू लागल्या, असे या परिवर्तनाचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल. त्रैक्याविषयीचे त्यांचे जुने प्रश्न कोणत्या युक्तिवादाने सुटले, याचा शोध अभ्यासकांनी घेतला आहे, पण तो शोध बहुधा चुकीच्या दिशेने जातो. ते प्रश्न सुटले असे म्हणण्यापेक्षा त्यांची निकड संपली, असे साक्षीचा सूर पाहता म्हणावे लागते.

या परिवर्तनाची किंमतही लगेच चुकवावी लागली. सदनातील मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला बसतात अशी हाकाटी झाली, ‘केसरी’ने कोरडे ओढले, आणि १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामा दिला व बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. सदन तेव्हा पुण्यात होते; त्या शहराशी असलेला संबंध सैल झाला तो येथून. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली व स्त्रिया सोबत आणल्या, तेव्हा त्यांच्यासाठी पुण्यात जागा नव्हती. पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतलेली होती. तेथे विहिरी खोदल्या गेल्या, झोपड्यांच्या जागी इमारती उठल्या आणि ‘मुक्ती’ ही वसाहत उभी राहिली. १८९९–१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या, आणि वसाहतीची संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

ही दोन हजारांची वस्ती १९०५ च्या घटनेची खरी नायिका आहे, हे इतिहासकारांनी पुरेसे ध्यानात घेतलेले नाही. शारदा सदनातील मुली ब्राह्मण घरांतील, वाचू शकणाऱ्या, संकोची होत्या. मुक्ती सदनातील मुलींनी भुकेने माणसे मरताना पाहिली होती, त्यांत अनेक जातींच्या होत्या, कोणी हिंदी बोले, कोणी गुजराती, कोणी मराठी. त्यांच्यापैकी बहुतेकींचा बाप्तिस्मा झाला होता, त्या रोज सकाळी बायबलचे वाचन ऐकत, शेतात, हातमागावर, छापखान्यात काम करीत आणि पाठ केलेल्या प्रार्थना म्हणत. संस्था शिस्तीत चालली होती आणि रमाबाई अस्वस्थ होत्या. एवढे अन्न, एवढे शिक्षण, एवढी उपासना देऊनही या मुलींच्या अंतरात काही हललेले नाही, आपल्या वाट्याला वाँटेजनंतर आलेला कोरडेपणाच आपण दोन हजार जणींना दिला आहे, अशी जाणीव त्यांना टोचत असावी, असे त्यांच्या नंतरच्या कृतींवरून दिसते.

१८९८ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील केसिक येथील वार्षिक मेळाव्याला हजेरी लावली होती. पवित्र आत्म्याने भरलेल्या जीवनाची शिकवण देणारा हा मेळावा १८७५ पासून भरत असे. १९०३ मध्ये ऑस्ट्रेलियातील जागृतीची वार्ता ऐकून त्यांनी मनोरमाबाई व मिनी एब्रम्स या अमेरिकन मेथॉडिस्ट सहकारी बाईंना तिकडे धाडले. १९०४ च्या अखेरीस वेल्समध्ये इव्हान रॉबर्ट्स या खाणीत काम केलेल्या तरुणाभोवती मोठे संजीवन पेटले. वेल्श मिशनच्या खासी टेकड्यांत १९०५ च्या मार्चमध्ये त्याचे पडसाद उमटले. या सर्व बातम्या मुक्तीत पोहोचत होत्या. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज एकत्र येऊन प्रार्थना करण्यास स्वेच्छेने पुढे या, असे आवाहन केले तेव्हा सत्तर जणी आल्या आणि जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. हा तपशील महत्त्वाचा आहे. संजीवन म्हणजे अकस्मात कोसळणारी वीज, असे त्याचे वर्णन भक्त व टीकाकार दोघेही करतात. केडगावात मात्र त्याआधी सहा महिने ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, काहीही घडत नसताना बसून राहण्याचा क्रम चालला होता. कोठडी सोडू नये ही वाळवंटातील संन्याशाची सूचना रमाबाईंना ठाऊक होती की नाही हे गौण आहे. त्यांनी ती पाळली होती.

२९ जूनच्या पहाटे एका मोठ्या मुलीला झोपेतून जागी होताना अंगाला आग लागल्याचा अनुभव आला, ती ओरडू लागली आणि सोबतची मुलगी पाण्याची बादली आणायला धावली, असे संस्थेच्या वृत्तांतात नोंदलेले आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीप्रमाणे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत असता साऱ्या मुली एकदम मोठ्याने रडून प्रार्थना करू लागल्या आणि प्रवचन थांबवावे लागले. पुढचे काही दिवस वर्ग व कामे बंद राहिली. पापाची उघड कबुली, चोरलेल्या वस्तू परत करणे, जुनी भांडणे मिटवणे, अंगाची थरथर, मग गाणी आणि टाळ्या असा हा क्रम आठवडेच्या आठवडे चालला. सातशेच्या आसपास मुलींनी प्रार्थनापथकांत नावे दिली आणि त्यांतील काही पथके आळीपाळीने आसपासच्या खेड्यांत जाऊ लागली.

या प्रार्थनेची पद्धत विशेष लक्ष देण्याजोगी आहे. शेकडो जणी एकाच वेळी, प्रत्येकीने आपापल्या शब्दांत, मोठ्याने प्रार्थना करायची, अशी ही रीत होती. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला त्या गदारोळात एक वाक्यही नीट ऐकू येत नसे, आणि म्हणूनच बहुधा ती रीत त्या मुलींना सोयीची ठरली. ज्या मुलीला पुस्तकी मराठीत प्रार्थना जुळवता येत नाही, जिची बोली शेजारणीला कळत नाही, जिच्या पापाची कबुली कोणी ऐकावी अशी तिची इच्छा नाही, तिला त्या कल्लोळात आडोसा मिळाला. सामुदायिक असूनही ती प्रार्थना अत्यंत खासगी होती. बाकावर बसून पाळकाच्या प्रार्थनेला शेवटी ‘आमेन’ म्हणणाऱ्या मंडळीत हे कधीच शक्य झाले नसते.

आक्षेप अर्थातच आले. काही मिशनऱ्यांना हा भावनांचा अतिरेक वाटला, काहींना उपाशी पोटांच्या आठवणींचा उद्रेक. १९०६ नंतर काही मुली अनोळखी भाषांत बोलू लागल्याच्या वार्ता पसरल्या तेव्हा टीकेला धार चढली. हे आक्षेप सरसकट खोडून काढण्यासारखे नाहीत. दुष्काळातून वाचलेल्या मुलींच्या मनात साठलेले दुःख त्या जूनमध्ये बाहेर पडले नसेल, असे म्हणणे धाडसाचे होईल, आणि श्रद्धेचा ओलावा व दुःखाचे अश्रू यांची वाटणी करण्याचे माप इतिहासाकडे नाही. रमाबाईंनी स्वतः अन्य भाषांत बोलण्याचा दावा केला नाही. संस्थेच्या ‘मुक्ती प्रेअर बेल’ या नियतकालिकातून १९०७ मध्ये त्यांनी दिलेले उत्तर वेगळ्याच मुद्द्यावर होते. रडणे, हसणे, मोठ्याने प्रार्थना करणे, टाळ्या वाजवणे, आनंदाने डोलणे ही भारतीय माणसाची देवापुढची स्वाभाविक रीत आहे, तिला इंग्रजी किंवा अमेरिकन शिष्टाचारात कोंबण्याचा आपला विचार नाही आणि पवित्र आत्म्याच्या कार्यात ढवळाढवळ करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. क्रूसावर लॅटिन का, हा वाँटेज येथे विचारलेला प्रश्न वीस वर्षांनी या रूपाने पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी त्याला आज्ञा देऊन गप्प करणारे कोणी नव्हते.

या घटनेचा एक धागा अनपेक्षितपणे फार दूर गेला. मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली आणि तिची प्रत शिकागो येथे आपल्यासोबत शिकलेल्या मे हूव्हर यांना धाडली. त्या पती विलिस हूव्हर यांच्यासह चिलीमधील वाल्पाराइसो येथे मेथॉडिस्ट मिशनचे काम करीत. त्या वाचनातून सुरू झालेल्या प्रार्थनेतून १९०९ मध्ये तेथे संजीवन झाले, हूव्हर यांना मूळ पंथ सोडावा लागला आणि चिलीचा पेंटेकोस्टल समाज जन्माला आला. दक्षिण अमेरिकेतील एका मोठ्या ख्रिस्ती प्रवाहाच्या उगमाशी केडगाव आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात जवळजवळ अज्ञात आहे.

महाराष्ट्रातील पुढची कहाणी निराळी झाली. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला, अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये अध्यापक, पाळक व ‘ज्ञानोदय’चे संपादक म्हणून काम केले, आणि मंडळीतली गीते रुक्ष आहेत या खंतीतून शेकडो पदे व भजने रचली. रमाबाईंनी सोडलेला आवाज टिळकांनी छंदात बांधला, असे म्हणता येईल, जरी दोघांच्या वृत्ती भिन्न होत्या आणि अनावर गदारोळ टिळकांच्या काव्यवृत्तीला कितपत मानवला असता याविषयी शंका घेता येते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने, बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना सामावून घेणारा एक आश्रमवजा बंधुसंघ त्यांनी उभारू पाहिला. पगारी सेवेने भक्ती आटते, हे त्यांचे निदान होते. दरबार त्यांच्या मृत्यूनंतर टिकला नाही. भजने टिकली, आणि आज मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात ती इतकी रुळलेली आहेत की एके काळी ती बंडखोरी होती, हे गाणाऱ्यांच्या ध्यानीही येत नाही.

केडगावात संजीवनाचा भर काही वर्षांत ओसरला, तसा तो सर्वत्र ओसरतो. वर्ग पुन्हा सुरू झाले, हातमाग चालू लागले. रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात स्वतःला एकाच कामाला वाहून घेतले. प्रचलित मराठी बायबलची भाषा पंडिती व संस्कृतप्रचुर असून खेड्यातील बाईला ती कळत नाही, असे त्यांचे मत झाले होते. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्यास बसल्या. कलकत्त्याच्या पंडितांनी संस्कृत विद्येसाठी गौरवलेल्या विदुषीने संस्कृत शब्द वेचून काढून टाकण्यात वर्षे घालवावीत, हा विरोधाभास त्यांच्या चरित्रात सर्वांत बोलका आहे. जुळणी, छपाई आणि बांधणी मुक्तीतील स्त्रियाच करीत, त्यांतील कित्येक १९०५ मध्ये त्या सभागृहात रडलेल्या मुली असणार. या कामात संजीवनाचा उन्माद कोठेही नाही. शब्दामागून शब्द, पानामागून पान अशी ती मिसरच्या संन्याशाला शोभेल अशी दिनचर्या होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या, तरीही काम थांबले नाही. रमाबाईंचे निधन ५ एप्रिल १९२२ रोजी झाले. त्यांचे बायबल १९२४ मध्ये मुक्ती छापखान्यातून बाहेर पडले, आणि बहुतेक मंडळ्यांनी आपले जुने भाषांतरच वाचणे चालू ठेवले.